फ्रान्सच्या खेड्यांतील शांत सायकलवाटा

फ्रान्स आणि सायकल ही दोन नावे एकत्र उच्चारली, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे १९०३ साली सुरू झालेली ती जगप्रसिद्ध शर्यत उभी राहते. घामाने निथळणारे वीर, दुतर्फा लोटलेला जनसमुदाय, मोटारींचा ताफा आणि पिवळ्या सदऱ्यासाठी चाललेली जीवघेणी चुरस! आमचा आजचा विषय याच्या अगदी उलट आहे. ज्या रस्त्यावर तासाभरात एखाददुसरी मोटार भेटते, जेथे सायकलच्या साखळीचा आवाज स्वतःलाच ऐकू येतो, जेथे गावामागून गाव घंटेच्या नादाने ओळखावे लागते, अशा खेड्यांतील लहान रस्त्यांविषयी आम्ही चार शब्द लिहिणार आहोत.

आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटेल. परंतु आज आपल्यापैकी कित्येकांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी युरोपात आहेत, आणि लुर्डच्या यात्रेस जाणारी कुटुंबेही आपल्यात आहेत. त्यांना या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग होईल. ज्यांना कधीच जावयाचे नाही, त्यांनाही आपल्या गावच्या रस्त्याकडे नव्या दृष्टीने पाहण्यास ती कारणी लागेल, अशी आम्हांस आशा वाटते.

हे रस्ते आले कोठून?

फ्रान्समध्ये एकंदर दहा लाख किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते आहेत. त्यांतील राष्ट्रीय मार्ग व टोलमार्ग यांचा वाटा अगदी थोडा. उरलेले सारे जिल्ह्यांचे व गावांचे रस्ते होत. याचे मूळ १८३६ सालच्या एका कायद्यात आहे. त्या कायद्याने प्रत्येक गावावर शेजारच्या गावाकडे जाणारा रस्ता राखण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी गावकऱ्यांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम, किंवा श्रमांऐवजी पैसे, घेण्याची मुभा दिली. शेतकरी आपला बैल-घोडा व गाडी घेऊन खडी वाहत असे. ज्याच्यापाशी गाडी नसे, तो फावडे घेऊन येई. आज सायकलस्वार ज्या गुळगुळीत निर्जन रस्त्याचा आनंद लुटतो, त्याखाली अशा असंख्य अनामिक हातांचे कष्ट गाडलेले आहेत.

या देशात आजही सुमारे पस्तीस हजार ग्रामसंस्था आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांची वस्ती पाचशे माणसांच्या आत आहे. प्रत्येक लहान गाव आपल्या चार-पाच शेजारगावांशी स्वतंत्र रस्त्याने जोडलेले आहे. त्यामुळे एका शहराहून दुसऱ्या शहरास जाताना मोठ्या मार्गाला स्पर्शही न करता, गावागावांतून वळणे घेत जाता येते. अंतर वाढते हे खरे; परंतु ज्याला घाई आहे त्याने आगगाडीने जावे.

शांत रस्ता ओळखावा कसा?

याचे शास्त्र साधे आहे आणि ते नकाशापासून सुरू होते. मिशलें बंधूंची टायरची पेढी मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथली. सहज काढता-घालता येणारा त्यांचा सायकलचा टायर १८९१ साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब शर्यतीत विजयी ठरला आणि पेढीचे नाव झाले. पुढे त्यांनी प्रवाशांसाठी नकाशे काढले. या नकाशांत मोठे मार्ग तांबडे, मध्यम पिवळे आणि लहान रस्ते पांढरे दाखवितात. जाणते सायकलस्वार पांढऱ्या रेघा शोधतात आणि जरूर पडेल तेथेच पिवळ्यावर येतात. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल, तर तेथील देखावा सुंदर समजावा. रस्त्यावर बाणाचे टोक काढलेले असेल, तर चढ आहे असे जाणावे: एक टोक म्हणजे शंभर मीटरला पाच ते नऊ मीटरांचा चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा, आणि तीन टोके दिसली तर खाली उतरून सायकल ढकलण्याची तयारी ठेवावी. त्यात लाज कसली?

रस्त्याच्या नावावरूनही अंदाज बांधता येतो. 'एन' अक्षराचे रस्ते राष्ट्रीय, 'डी' अक्षराचे जिल्ह्याचे. मैलाच्या दगडाचा माथा पहिल्या प्रकारात तांबडा व दुसऱ्यात पिवळा असतो. मात्र येथे नवखा मनुष्य फसतो. २००६ च्या सुमारास शासनाने हजारो किलोमीटर राष्ट्रीय मार्ग जिल्ह्यांकडे सोपविले आणि त्यांची नावे बदलली. वर्दळ मात्र बदलली नाही. सोन नदीच्या काठाने शालों शहराहून माकोंकडे जाणारा डी-९०६ हा रस्ता पूर्वीचा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ६ होय. अक्षर जिल्ह्याचे, गर्दी राष्ट्राची! म्हणून क्रमांकावर भिस्त न ठेवता नकाशावरील रंग व रुंदी पाहावी.

आणखी दोन नियम सांगण्याजोगे आहेत. पहिला असा, की दरीच्या तळातून जाणाऱ्या सपाट रस्त्यावर मोटारी असतात, तर उतारावरील गावांना जोडणारा रस्ता वळणांचा, चढाचा आणि म्हणूनच शांत असतो. दुसरा असा, की नवा रुंद मार्ग झाला म्हणजे जवळचे जुने रस्ते ओस पडतात. मालमोटारी नव्या मार्गाने धावतात आणि जुना रस्ता, आपली झाडे व फरसबंद पूल सांभाळीत, पुन्हा गाय, ट्रॅक्टर आणि सायकल यांच्या ताब्यात येतो. भ्रमणध्वनीवरील वाटाड्या यंत्राला हे बारकावे नेहमीच कळत नाहीत. ते जवळची वाट दाखविते, चांगली दाखवीलच असे नाही.

एक नमुन्याची फेरी

या साऱ्याचे उदाहरण म्हणून दक्षिण बर्गंडीतील एक त्रिकोणी फेरी आम्ही वाचकांपुढे ठेवतो. एकंदर अंतर दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक. सवडीने चार-पाच दिवसांची मजल. आरंभ शालों-सुर-सोन येथून करावा. तेथे आगगाडीचे मोठे स्थानक आहे.

शालोंपासून जवळच जिव्री हे द्राक्षमळ्यांचे गाव लागते. तेथून क्लुनीपर्यंत ४४ किलोमीटर लांबीचा 'हरितमार्ग' आहे. पूर्वी येथे लहान रेल्वे होती. गाड्या बंद पडल्या, रूळ उखडले गेले, आणि १९९७ साली त्याच पट्ट्यावर केवळ पादचारी व सायकलस्वारांसाठी डांबरी वाट खुली झाली. अशा तऱ्हेचा हा फ्रान्समधील पहिलाच मार्ग. आगगाडीला तीव्र चढ मानवत नाही. त्यामुळे ही वाट डोंगराळ मुलखातूनही सौम्यपणे जाते आणि लहान मुलांनाही झेपते. जुनी स्थानके व फाटकवाल्यांची घरे अजून वाटेत उभी आहेत. क्लुनीच्या पुढे माकोंच्या दिशेने गेले, तर सुमारे सोळाशे मीटर लांबीचा जुना बोगदाही लागतो. त्यात वटवाघळे शीतनिद्रा घेतात, म्हणून हिवाळ्यात तो बंद ठेवतात आणि सायकलस्वारांना घाट चढून जावे लागते. वटवाघळांच्या झोपेसाठी माणसाने वळसा घालावा, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटली.

क्लुनीचे नाव ख्रिस्तसभेच्या इतिहासात मोठे आहे. ९१० साली येथे स्थापन झालेल्या मठाने पुढील दोन शतकांत साऱ्या युरोपभर मठांचे जाळे विणले. येथील तिसरे ख्रिस्तमंदिर, रोमचे सध्याचे संत पेत्राचे मंदिर बांधले जाईपर्यंत, ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले आणि इमारती दगडाची खाण म्हणून लोकांनी ते फोडून नेले. आज एक बाहू व त्यावरील अष्टकोनी मनोरा एवढाच मुख्य भाग शिल्लक आहे. रिकाम्या आकाशाकडे बोट दाखवून 'येथपर्यंत छत होते' असे सांगावे लागते.

क्लुनीहून पश्चिमेकडे पारे-ल-मोनियालला जावयाचे. येथे आमचा दुसरा नियम नीट पडताळून पाहता येतो. माकोंहून शारोल व पारेकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग ७९ मालमोटारींनी भरलेला आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध. त्याच्या द्रुतगती भागांवर सायकलला मज्जावच आहे. परंतु त्या मार्गापासून दोन-चार किलोमीटर बाजूला झाले, की निराळेच जग सुरू होते. कुंपणाच्या झुडपांनी आखलेली हिरवी कुरणे, त्यांत शारोल जातीची पांढरी शुभ्र गुरे, आणि दर टेकडीवर दगडी मनोऱ्याचे जुने ख्रिस्तमंदिर. दक्षिणेस ब्रियोने भागात सेमुर नावाचे टेकडीवरील गाव आहे; क्लुनीचे महान मठाधिपती संत ह्यू यांचा जन्म १०२४ साली तेथे झाला. जवळच प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर यांच्या नावाचे गाव असून तेथे पांढऱ्या गुरांचा मोठा बाजार भरतो.

पारे-ल-मोनियालची ओळख आपल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. आपल्या घराघरांत लावलेल्या येशूच्या अतिपवित्र हृदयाच्या तसबिरीचा संबंध याच गावाशी आहे. १६७३ ते १६७५ या काळात धर्मभगिनी मार्गारेट मेरी आलाकोक यांना झालेल्या दर्शनांपासून या भक्तीचा सर्वत्र प्रसार झाला. त्या ज्या व्हिजिटेशन संघाच्या होत्या, तो संघ संत फ्रान्सिस द सेल्स व संत जेन द शांताल यांनी १६१० साली ॲनेसी येथे स्थापिला होता. त्याच ॲनेसीहून, त्याच संत फ्रान्सिस यांचे नाव धारण करणारे मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणम येथे आले आणि तेथून नागपूरकडे वळले. नागपूर-वऱ्हाडातील आपल्या बांधवांचे या प्रदेशाशी असे जुने नाते आहे.

पारेहून शालोंला परतताना कालव्याचा काठ धरावा. लवार व सोन या नद्यांना जोडणारा हा कालवा १७९२ च्या सुमारास पूर्ण झाला. ज्या काठावरून पूर्वी घोडे नावा ओढीत, त्या बाजूने आता अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोपचा सहाव्या क्रमांकाचा सायकलमार्ग जातो. पाण्याची पातळी चढविण्या-उतरविण्याचे लाकडी दरवाजे, ते राखणाऱ्यांची छोटी घरे आणि दुतर्फा झाडांची सावली यांमुळे शंभर किलोमीटरचे हे अंतर कंटाळवाणे होत नाही.

शांतता आणि एकटेपणा

क्लुनीच्या उत्तरेस, हरितमार्गापासून अगदी जवळ, तेझे नावाचे टेकडीवरील खेडे आहे. १९४० साली, महायुद्ध पेटलेले असताना, रॉजर शुट्झ नावाचा पंचवीस वर्षांचा स्वित्झर्लंडचा तरुण जिनिव्हाहून सायकलने या भागात आला. प्रार्थना व निर्वासितांची सेवा यांसाठी त्याला एक घर हवे होते. तेझे येथे एका वृद्ध स्त्रीने त्याला जेवू घातले आणि 'इथेच राहा, आम्ही फार एकाकी आहोत' अशा अर्थाची विनवणी केली. त्याने अधिक सोयीची ठिकाणेही पाहिली होती. पण त्या शब्दांनी निर्णय झाला. त्याने तेथे घर घेतले, ज्यू निर्वासितांना आसरा दिला, आणि पुढे प्रॉटेस्टंट व कॅथोलिक बंधूंचा जो संघ तेथे उभा राहिला, त्याच्या प्रार्थनेस आज जगभरातून तरुण येतात. ब्रदर रॉजर २००५ साली निवर्तले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगितला. सायकलस्वार ज्याला 'शांतता' म्हणतो, तिला त्या गावची म्हातारी 'एकटेपणा' म्हणत होती. रस्ता एकच, शब्द दोन.

फ्रान्सच्या खेड्यांतील रस्ते शांत का आहेत, याचे उत्तर पुष्कळदा सुखाचे नसते. माणसे शहरांकडे गेली. आज निम्म्याहून अधिक ग्रामीण गावांत एकही दुकान उरलेले नाही. शाळा मिटल्या, पाववाल्याची भट्टी थंडावली, आणि एकेका धर्मगुरूकडे दहा-दहा, वीस-वीस गावे आली. १९०५ च्या कायद्याने त्या वेळची गावोगावची ख्रिस्तमंदिरे ग्रामसंस्थेच्या मालकीची झाली. इमारत बहुधा नीट राखलेली असते, पण दरवाजा कित्येकदा बंद असतो. किल्ली गावकचेरीत किंवा शेजारच्या घरी मिळते. ती मागावयास जावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. किल्ली राखणारी आजी बोलावयास माणूस मिळाला म्हणून आनंदते. आणि मंदिरातील थंडाव्यात पाच मिनिटे बसून निघालेला प्रवासी त्या गावाचा पाहुणा होतो, केवळ वाटसरू राहत नाही.

यातून एक व्यवहाराचे कर्तव्यही निघते. गावात दुकान वा चहा-कॉफीचे ठिकाण चालू असेल, तर शहरातून शिदोरी बांधून न आणता पाव, चीज, फळे तेथेच विकत घ्यावी. सायकलस्वाराचे दहा युरो मोठ्या बाजाराला जाणवत नाहीत. लहान गावच्या एकुलत्या एक दुकानाला जाणवतात. जुन्या रेल्वेच्या वाटांवर काही ओसाड स्थानकांत पुन्हा चूल पेटली, ती याच लहान-लहान खरेदीमुळे.

तळ्यांच्या मुलखातून आर्सला

ज्यांना चढ नको असतील, त्यांनी माकोंहून सोन ओलांडून आग्नेयेस दोंब नावाच्या पठाराकडे वळावे. हा हजाराहून अधिक तळ्यांचा मुलूख. मध्ययुगात मठवासी व जमीनदार यांनी ही तळी बांधली. आजही काही वर्षे तळ्यात मासे वाढवितात आणि मग एक वर्ष पाणी सोडून देऊन त्याच तळात धान्य पेरतात. बगळे, बदके व करकोचे यांची येथे रेलचेल असते आणि लहान रस्ते तळ्यांच्या बांधांमधून सपाट धावतात.

वाटेत शातियों हे जुने बाजाराचे गाव आहे. १६१७ साली संत विन्सेंट डी पॉल येथे धर्मगुरू होते. एका आजारी, उपाशी कुटुंबाची हकिगत त्यांनी उपदेशात सांगितली, तेव्हा सारा गाव अन्न घेऊन धावला. दया पुष्कळ, पण व्यवस्था नाही, हे ध्यानी येऊन त्यांनी तेथे स्त्रियांची पहिली सेवासमिती स्थापिली. आपल्या अनेक धर्मग्रामांत त्यांच्या नावाची जी संस्था गरिबांना साह्य करते, ती १८३३ साली पॅरिसमध्ये निघाली. परंतु त्या विचाराचे मूळ या आडगावात आहे.

शातियोंहून अर्ध्या दिवसाच्या मजलेवर आर्स लागते. १८१८ साली जॉन मेरी वियान्नी पायी या गावास निघाले असता धुक्यात वाट चुकले. गुरे राखणाऱ्या एका मुलाने त्यांना रस्ता दाखविला. त्याबद्दल आपण त्याला स्वर्गाचा रस्ता दाखवू, असे आश्वासन त्यांनी दिले. त्या भेटीचे स्मारक आर्सच्या वेशीबाहेर उभे आहे. १८५९ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते त्याच अडीचशे माणसांच्या वस्तीत राहिले, आणि सारा फ्रान्स त्यांच्या पापनिवेदनकक्षापाशी लोटला. १९२५ साली त्यांना संतपद देण्यात आले.

सायकलस्वारांची माता

नैर्ऋत्येस, गास्कनीच्या आर्मान्याक भागात, लाबास्तीद हे तेराव्या शतकात वसविलेले कमानींच्या चौकाचे गाव आहे. त्याच्या जवळ, मळ्यांमध्ये, एक जुने पडके प्रार्थनामंदिर होते. सायकलची आवड असलेल्या आबे जोझेफ मासी या धर्मगुरूंच्या मनात आले, की इटलीतील गिझालो येथे जशी सायकलस्वारांची माता आहे, तशी फ्रान्समध्येही असावी. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यास संमती दिली. आज त्या मंदिराच्या भिंती नामवंत व अनामिक सायकलस्वारांनी वाहिलेल्या शेकडो सदऱ्यांनी भरून गेल्या आहेत. जिंकलेल्याचा सदरा व अपघातात गेलेल्याचा सदरा तेथे शेजारी शेजारी लटकतो.

वाटेवरचे शहाणपण

आता काही उपयुक्त सूचना. फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात; आपल्याकडील सवयीचा मनुष्य निर्जन रस्त्यावर, पहाटे किंवा वळण घेताना, नकळत डावीकडे जातो. हे सतत ध्यानात ठेवावे. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास पहिला मान असतो. बारा वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण सक्तीचे आहे. वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट घालावेच लागते. वस्तीबाहेर मोटारीने सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावे, असा नियम आहे. २०१८ पासून लहान दुपदरी रस्त्यांवर मोटारीची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर झाली. पुढे काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली. अलीकडच्या वर्षांत तेथे वर्षाकाठी दोनशेच्या वर सायकलस्वार प्राण गमावीत आहेत, आणि त्यांतील बरेच वस्तीबाहेरील रस्त्यांवर. रस्ता रिकामा आहे म्हणूनच एखादा मोटारवाला बेफाम हाकतो. तेव्हा शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे. आंधळ्या वळणावर कडेने, एकामागे एक चालावे.

मे, जून व सप्टेंबर हे उत्तम महिने. शरद ऋतूपासून शिकारीचा हंगाम असतो. रविवारी रानातून जाताना भडक रंगाचे कपडे घालावे. दुपारी बारा ते दोन, कधी त्याहूनही अधिक वेळ, दुकाने बंद असतात. सोमवारीही पुष्कळ बंद. म्हणून पाव सकाळीच घ्यावा. पाणी कोठे मिळेल? जुन्या जाणत्यांचे उत्तर ठरलेले आहे: कबरस्थानात. फुलांना पाणी घालण्यासाठी तेथे बहुधा नळ असतो. 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी नाही, एवढे पाहून घ्यावे आणि बाटली भरून घेतल्यावर तेथे निजलेल्यांसाठी एक प्रार्थना म्हणावी. प्रादेशिक आगगाड्यांत सायकल बहुधा विनामूल्य नेता येते; अतिवेगवान गाड्यांत आधी जागा राखावी लागते.

पॉल द व्हिव्ही हे फ्रान्समधील सायकलभ्रमणाचे आद्य गुरू. सेंत-एतियेन येथे १८८७ साली त्यांनी सायकलचे मासिक सुरू केले आणि चढासाठी बदलत्या गिअरचा पुरस्कार केला, तेव्हा शर्यतवाल्यांनी त्यांची थट्टा केली. त्या मोठ्या शर्यतीत असे गिअर १९३७ पर्यंत वर्ज्यच होते! भ्रमण करणाऱ्यांना त्यांनी घालून दिलेल्या नियमांचे सार असे: थांबणे थोडे व थोडक्यात असावे; भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे; अन्नाची व झोपेची इच्छा मरेल इतके थकू नये; थंडी वाजण्यापूर्वी अंगावर घ्यावे व उकडण्यापूर्वी काढावे; वाटेत मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावी; जोराचा अट्टहास करू नये; आणि केवळ मिरविण्यासाठी कधी सायकल चालवू नये. हा शेवटचा नियम सायकलपुरताच आहे, असे आम्हांस वाटत नाही.

१९३६ साली फ्रान्सच्या कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची पगारी रजा प्रथमच मिळाली. तेव्हा नवरा-बायको दोघांची मिळून एक जोडसायकल घेऊन, मागे तंबू बांधून, हजारो गरीब कुटुंबे याच रस्त्यांनी प्रथमच आपला देश पाहावयास निघाली. कित्येकांनी तेव्हाच पहिल्यांदा समुद्र पाहिला. शांत रस्ता ही श्रीमंतांची चैन नसून ज्याच्यापाशी मोटार नाही त्याचा तो आधार आहे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या गावांतही शाळेला जाणारी मुलगी, दुधाची किटली नेणारा गवळी आणि पहाटेच्या मिस्सेला निघालेले आजोबा सायकलनेच जातात. गावाजवळून रुंद मार्ग होऊ लागला, म्हणजे आपण जमिनीच्या मोबदल्याची चौकशी करतो; ती करावीच. परंतु जुन्या रस्त्याचे काय होणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो उखडला जातो, नव्याच्या पोटात जातो, किंवा त्यावर अतिक्रमण होते; आणि मग त्या मुलीला मालमोटारींच्या कडेने जावे लागते. फ्रान्सच्या ग्रामस्थांनी जुना रस्ता, बंद पडलेल्या रेल्वेचा पट्टा आणि कालव्याचा काठ या तिन्ही टाकाऊ वस्तू राखून ठेवल्या. त्यांना आज त्यांचे मोल कळते आहे.

तेव्हा पुढील ग्रामसभेत नव्या मार्गाचा विषय निघाला, तर एक प्रश्न आवर्जून विचारावा: जुनी वाट चालती राहणार ना? हा प्रश्न विचारण्यास शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. एकाने उठून विचारला, की बाकीच्यांनाही त्याची आठवण होते.